स्टंट स्कूटर खडखडतेय? आधी ऐका, मग पाना उचला

"मामा, हँडल हलतंय. नवीन स्कूटर घ्यावी लागेल का?"

माझी भाची दहा वर्षांची असताना तिने हा प्रश्न विचारला. तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगमधली सगळीच मुलं मला मामा म्हणतात आणि रविवारी सकाळी आपापली स्कूटर घेऊन येतात. इथे स्कूटर म्हणजे पायाने ढकलायची, दोन छोट्या चाकांची किक स्कूटर. तिच्यावर उड्या, टेलव्हिप, बारस्पिन असे स्टंट करतात. मुलांचे आणि त्यांच्या आईबाबांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. दहातल्या आठ वेळा उत्तर एकच निघतं: नवीन काही घेऊ नका, आहे तेच नीट बसवा. ते कसं बसवायचं आणि खरोखर काही बदलायची वेळ आली तर कशापासून सुरुवात करायची, ते इथे सविस्तर लिहितो.

ही स्कूटर स्टंटची आहे का?

डेक, म्हणजे उभं राहायची फळी, आणि हँडलच्या मध्ये बिजागरी असेल, स्कूटर घडी होत असेल, हँडलची उंची बटण दाबून कमी-जास्त होत असेल, तर ती शाळेत किंवा बागेत जायची स्कूटर आहे. तिच्यावर उड्या मारू नका. उडीनंतरचा सगळा धक्का त्या बिजागरीवर आणि उंचीच्या खटक्यावर येतो आणि ते भाग त्यासाठी बनवलेलेच नसतात. अशा स्कूटरला महागडी चाकं लावून ती स्टंटची होत नाही. तो पैसा साठवा आणि पुढे साधी पण एकसंध स्टंट स्कूटर घ्या.

स्टंट स्कूटरचा डेक ॲल्युमिनियमचा असतो आणि पुढची मान, म्हणजे हेडट्यूब, त्याला वेल्डिंगने कायमची जोडलेली असते. हँडल इंग्रजी टी किंवा वाय आकाराचं, एकाच तुकड्याचं असतं. ते खाली फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाच्या, नळीवर बसतं आणि त्याला क्लॅम्पची, म्हणजे बोल्टने आवळायच्या कड्याची, पकड असते. मागे चाकावर दाबायची ब्रेकची पट्टी. बस, एवढंच. भाग इतके कमी असल्यामुळे बारा वर्षांचं मूलही शिकवलं तर तासाभरात सगळी स्कूटर खोलून परत जोडू शकतं.

आवाजाची परीक्षा

हँडल धरून स्कूटर जमिनीपासून चार-पाच इंच उचला आणि सरळ खाली सोडा, हात हँडलवर असू द्या. नीट बसवलेली स्कूटर एकच भरीव "ठप्" करते. "खळ्ळ" किंवा "टक-टक" ऐकू आलं तर कुठेतरी काहीतरी सैल आहे. आता ते शोधायचं.

मागच्या चाकाला पाय लावून स्कूटर अडवा आणि हँडल पुढेमागे हलवा. त्याच वेळी दुसऱ्या हाताचं एक बोट हेडट्यूब आणि तिच्या वरच्या टोपीच्या सांध्यावर ठेवा. बोटाला बारीक "कट-कट" जाणवली तर हेडसेट, म्हणजे हेडट्यूबमध्ये फोर्क फिरवणारा बेअरिंगचा जोड, सैल आहे. तसं नसेल तर चाक दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. हललं तर ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधला बोल्ट, सैल असेल किंवा बेअरिंग गेलं असेल. दोन्ही ठीक असेल तर ब्रेकची पट्टी हाताने हलवून बघा. पेव्हर ब्लॉकवरून जाताना येणारा बराचसा आवाज तिचाच असतो, आणि मुलं उगाच हेडसेट आवळत बसतात.

हत्यारं फार लागत नाहीत. ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ल्या, बहुतेक ठिकाणी चालतात. नट असलेल्या ॲक्सलला १३ नंबरचा पाना लागतो. काही ॲक्सलना दोन्ही बाजूंनी ॲलन की लावावी लागते, म्हणून एकाच मापाच्या दोन असू द्या. ॲलन की चांगल्या पोलादाची घ्या. मऊ, झिजलेल्या किल्लीने बोल्टचा षटकोन गोल होतो आणि मग तो बोल्ट काढण्यात अख्खी दुपार जाते.

हँडल हलतंय: खरा उपाय

हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हँडल हललं की मुलं क्लॅम्पचे बोल्ट जीव खाऊन आवळतात. आवाज जात नाही, उलट बोल्टचे आटे जातात. कारण क्लॅम्पचं काम वेगळं आहे. हँडल फोर्कवर फिरू नये म्हणून क्लॅम्प असतो. फोर्क हेडट्यूबमध्ये वर-खाली खेळू नये म्हणून जो दाब लागतो, तो वेगळ्या बोल्टने येतो. त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. हेडट्यूबच्या वर आणि खाली एकेक बेअरिंग असतं आणि कॉम्प्रेशनचा बोल्ट त्या दोघांना आतल्या बाजूला दाबून धरतो. क्लॅम्प आवळलेला असताना हा दाब बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी क्लॅम्प सैल, मग कॉम्प्रेशन, मग पुन्हा क्लॅम्प.

१. क्लॅम्पचे सगळे बोल्ट सैल करा. पूर्ण काढू नका.

२. कॉम्प्रेशनचा बोल्ट गाठा. तो कुठे आहे हे प्रकारावर ठरतं, ते खाली सांगतो.

३. बोल्ट पाव-पाव फेरा आवळा. प्रत्येक वेळी फोर्क हाताने फिरवून बघा. बोटाखालची कट-कट थांबली पाहिजे आणि फोर्क मोकळा फिरलाही पाहिजे. फिरताना जड वाटला किंवा अडखळला तर थोडं मागे या.

४. हँडल आणि पुढचं चाक एका रेषेत आणा. पायांमध्ये चाक धरून वरून बघा, हँडलचा आडवा दांडा चाकाशी काटकोनात दिसला पाहिजे.

५. क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. एक पूर्ण घट्ट करून मग दुसरा, असं करू नका. क्लॅम्पची फट वरपासून खालपर्यंत सारखी राहिली पाहिजे.

६. पुन्हा चार इंचांवरून सोडा आणि ऐका.

इतकं करूनही फोर्क एकतर सैल नाहीतर जाम, मधलं काही नाहीच, अशी अवस्था असेल तर बेअरिंग खराब आहे किंवा एखादी कडी उलटी बसली आहे. तेव्हा सगळं उघडा. खालून वर असा क्रम असतो: फोर्क, खालचं बेअरिंग, हेडट्यूब, वरचं बेअरिंग, मग एका बाजूने चिरलेली निमुळती कॉम्प्रेशन रिंग, आणि वर टोपी. निमुळती रिंग विसरली किंवा उलटी बसली तर कितीही आवळा, खेळ जात नाही. काढताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत जा आणि भाग काढलेल्या क्रमानेच वर्तमानपत्रावर मांडा. जोडताना बेअरिंगला आणि ते बसतं त्या जागेला ग्रीसचा पातळ हात द्या.

कॉम्प्रेशनचे प्रकार

पुढे कधीही भाग विकत घ्यायचे असतील तर आपल्या स्कूटरला कोणतं कॉम्प्रेशन आहे हे माहीत असलंच पाहिजे. चुकीचं हँडल मागवून परत पाठवणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांचं तोंड बघवत नाही.

आयसीएस प्रकारात बोल्ट फोर्कच्या खालून वर जातो आणि हँडलच्या नळीत ठोकून बसवलेल्या स्टार नटमध्ये गुंततो. तो आवळायला पुढचं चाक काढावं लागतं. हा प्रकार आता जुना होत चालला आहे.

आयएचसी आणि एचआयसी या दोन्हींत फोर्कच्या नळीवर एक पातळ नळकांडं बसतं, त्याला शिम म्हणतात. बोल्ट वरून येतो आणि शिमला खाली दाबतो. तो आवळायला हँडल उपसून काढावं लागतं. फरक मापाचा आहे. आयएचसीच्या फोर्कची नळी बारीक असते, त्यामुळे शिमसकट तिच्यावर साधं, म्हणजे बाहेरून ३१.८ मिमी जाडीचं हँडल बसतं. एचआयसीत फोर्कची नळी नेहमीच्या २८.६ मिमीची असते, शिम तिच्यावर चढतो, म्हणून हँडल जाड लागतं, बाहेरून ३४.९ मिमीचं. या सगळ्या प्रकारांत हँडलच्या खालच्या टोकाला उभी चीर असते. क्लॅम्प आवळल्यावर नळी मिटून फोर्कला धरते ती या चिरेमुळेच.

एससीएसमध्ये क्लॅम्पच कॉम्प्रेशनचं काम करतो. उंच, चार बोल्टचा क्लॅम्प असतो. खालचे दोन बोल्ट फोर्कला धरतात, वरचे दोन हँडलला. याला चीर नसलेलं हँडल लागतं. आवळताना वरचे दोन सोडून हँडल काढा, खालचे दोन सैल करा, आतला बोल्ट आवळा, खालचे घट्ट करा, मग हँडल घालून वरचे. वजन थोडं वाढतं, पण एकदा बसला की महिनोन्‌महिने हलत नाही, आणि हँडल वेगळं काढून प्रवासाच्या बॅगेत घालता येतं. जोरात चालवणाऱ्या मुलांसाठी मला हाच सर्वांत आवडतो.

चाकं आणि बेअरिंग

बहुतेक स्टंट स्कूटरच्या चाकात ६०८ नंबरची दोन बेअरिंग असतात: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७. हे माप नुसतं स्कूटरचं नाही. स्केटबोर्डमध्ये आणि कितीतरी छोट्या मोटरांमध्येही हेच बेअरिंग असतं. त्यामुळे स्कूटरचं दुकान जवळ नसलं तरी अडत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात "६०८ टू-आरएस" मागा. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड लिहिलेल्याला पत्र्याची झाकणं असतात, ती चालतात, पण उघडून साफ करायला त्रास होतो.

पाकिटावर एबेक ५, ७, ९ असे आकडे दिसतात. ते बेअरिंग किती अचूक मापात बनलंय ते सांगतात. उडीनंतर आडवा पडणारा दणका ते किती सोसेल, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. एबेक ९ साठी जास्त पैसे मोजू नका.

बेअरिंग काढायचं तर ॲक्सल काढून चाक बाहेर घ्या. ॲलन की एका बाजूने घाला, पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कडेला टेकवा आणि गोल फिरवत हलके दाबत बाहेर ढकला. दोन बेअरिंगच्या मध्ये एक छोटी नळी निघेल, तो स्पेसर. हा हरवू देऊ नका. ॲक्सल आवळल्यावरचा दाब स्पेसरमधून एका बेअरिंगकडून दुसऱ्याकडे जातो. स्पेसर नसेल तर तो दाब बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढतो, छर्रे चेपतात आणि चाक जाम होतं. "आवळलं की चाक फिरत नाही, सोडलं की हलतं" अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी स्पेसर आहे का ते बघतो.

साफ करायला टाचणीने रबरी सील उचकटा. बेअरिंग झाकणाच्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून हलवा, काळं पाणी निघेल. दोन-तीनदा करा, पूर्ण कोरडं होऊ द्या. हे काम मोठ्या माणसाने, उघड्यावर, गॅस आणि उदबत्तीपासून लांब करायचं. पेट्रोल वापरू नका. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब टाका आणि सील बोटाने दाबून बसवा. खोबरेल तेल नको: ते साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि धुळीशी मिळून चिकट थर होतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून काम झालं असंही समजू नका, तो आतलं ग्रीस धुऊन टाकतो आणि स्वतः फार काळ टिकत नाही. साफ करूनही बेअरिंग बोटावर फिरवताना खरखरत असेल तर टाकून द्या.

परत बसवताना दाब नेहमी बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर द्या. जुनं बेअरिंग वर ठेवून दाबलं तर सोपं जातं. हातोडी नको.

चाकाचं रबर बघायलाही शिका. एका जागी चपटं झालं असेल तर ते घसरत थांबल्यामुळे. एका बाजूने झिजलं असेल तर चाक उलटं बसवा, मागचं पुढे घ्या. पण रबर आणि आतल्या कोअरमध्ये, म्हणजे चाकाच्या कडक गाभ्यामध्ये, फट दिसत असेल, नखाने रबर उचललं जात असेल, तर ते चाक त्याच दिवशी बदला. ते उडीनंतर अख्खं निसटू शकतं.

पावसाळा

आपल्याकडचे चार महिने स्कूटरला फार जड जातात, कोकणात आणि मुंबईच्या समुद्राकाठी तर जास्तच. ओल्या फरशीवर या कडक चाकांना पकड जवळजवळ नसते, म्हणून स्टंट बंदच ठेवा. भिजली तर कोरड्या फडक्याने पुसा, चाकं जोरात फिरवून पाणी उडवा, आणि उलटी करून हवेशीर जागी ठेवा. पाइपचं पाणी हेडसेटवर मारू नका. जिन्याखालच्या ओलीत जूनपासून पडलेली स्कूटर ऑक्टोबरमध्ये काढली की ॲक्सल गंजाने बेअरिंगला धरलेला असतो. पावसाआधी ॲक्सल काढून ग्रीसचं बोट फिरवून ठेवा.

ब्रेक आणि ढिले होणारे बोल्ट

ब्रेकचे स्क्रू थरथरीने सैल होतातच. ते काढा, आटे पुसून कोरडे करा, निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब लावून आवळा आणि रात्रभर ठेवा. लाल रंगाचा घेऊ नका, तो सोडवायला बोल्ट तापवावा लागतो. कॉम्प्रेशनच्या बोल्टलाही निळा चालतो.

हे दिसलं की चालवणं थांबवा

महिन्यातून एकदा फडक्याने स्कूटर स्वच्छ पुसा आणि उजेडात चार जागा बघा: हेडट्यूब आणि डेकमधलं वेल्डिंग, हँडलचा वरचा सांधा, हँडलच्या चिरेचं वरचं टोक, आणि मागचा ॲक्सल धरणारे डेकचे दोन कान. केसासारखी रेघ दिसली तर नख फिरवा. नख अडकलं तर ती तडा आहे, रंगाचा ओरखडा नाही. तो भाग संपला. पोलादाचं हँडल बहुतेक वेळा आधी वाकून सूचना देतं, ॲल्युमिनियम तशी देत नाही. आणि डेकची तडा गल्लीतल्या वेल्डरकडून भरून घेऊ नका. डेकचं ॲल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या आचेने शेजारचा भाग पुन्हा मऊ पडतो.

आता बदल: कशापासून सुरुवात?

पहिला पैसा हेल्मेटला. आत ईएन १०७८ असं छापलेलं बघा, सायकल आणि स्केटिंगच्या हेल्मेटसाठीचं ते युरोपीय मानक आहे. क्रिकेटचं हेल्मेट चेंडूसाठी असतं, डोकं काँक्रीटवर आपटण्यासाठी नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बदलायचं, कारण आतला फोम एकदाच चेपतो.

दुसरा खर्च अगदी छोटा: ग्रिप आणि दांड्याच्या टोकांची बुचं. उघडी नळी पडताना पोटात किंवा मांडीत गोल पात्यासारखी घुसते. बूच हरवलं तर नवीन मिळेपर्यंत स्कूटर घरात. पोलादी हँडलच्या टोकांची जाडी बहुधा २२.२ मिमी असते, म्हणजे बीएमएक्स सायकलच्या ग्रिपही बसतात.

तिसरी, चाकं. स्वस्त स्कूटरच्या चाकांचा कोअर प्लॅस्टिकचा असतो, तो ॲल्युमिनियमचा घेतला की फरक लगेच कळतो. व्यास १०० किंवा ११० मिमी असतो. फोर्क आणि डेकमध्ये ११० ला जागा आहे का, ब्रेक घासणार नाही ना, ते आधी मोजा. रुंदी बहुधा २४ मिमी, काही नव्या डेकना ३० मिमी रुंद चाक आणि १२ मिमीचा ॲक्सल लागतो, ते एकमेकांत बसत नाहीत. कडकपणा ८५ए ते ८८ए हा नवशिक्यांना चांगला.

हँडल बदलण्याआधी उंची मोजा. डेकवर उभं राहिल्यावर दांडा कमरेच्या आसपास यावा, रुंदी खांद्यांएवढी. उंच हँडल खालून कापता येतं. प्लंबरकडच्या पाइप कटरने काप सरळ येतो. कडा कानशीने आतून-बाहेरून घासा. कापताना चीर लहान होते हे विसरू नका: एससीएस असेल तर चीर पूर्ण कापून टाकायची, बाकीच्यांत पुरेशी शिल्लक राहिली पाहिजे. मूल वाढीच्या वयात असेल तर एकदम दोन इंच कापू नका, अर्ध्या इंचाने सुरुवात करा. ॲल्युमिनियमचं जाड हँडल आतून बहुधा २८.६ मिमीच असतं, म्हणून ते बाहेरून ३४.९ मिमीचं दिसलं तरी एचआयसीच्या शिमवर चढत नाही.

फोर्क आणि क्लॅम्प एकत्रच बदला, कारण कॉम्प्रेशन त्या दोघांवर मिळून ठरतं. डेक सगळ्यात शेवटी. पाय मोठा होऊन टाचा बाहेर लटकायला लागल्या किंवा तडा गेली, ही दोनच कारणं मी मान्य करतो. रंग आवडला, हे नाही.

कोणताही भाग बदलला की पहिला अर्धा तास नुसतं फिरा, उड्या नाहीत. मग परत येऊन ॲक्सल, क्लॅम्पचे बोल्ट आणि ब्रेकचे स्क्रू किल्लीने तपासा. नवे भाग पहिल्या धक्क्यांत आपली जागा धरतात आणि बोल्ट पाव फेरा सैल होतो. माझी भाची आता हे माझ्याआधीच करते: किल्ली फिरवते, चार इंच उचलते, सोडते आणि कान देते.